इंग्रजी संभाषण-गट आणि संचालक अध्यापकाची भूमिका

सीमाभागातील महाविद्यालयात प्रथम वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा आठ-दहा वर्षे इंग्रजी हा विषय शिकून आलेला असतो. त्याची शाळा मराठी, उर्दू वा कन्नड यांपैकी कोणत्याही माध्यमाची असो, इंग्रजीचा पेपर त्याने दरवर्षी दिलेला असतो. रजेचा अर्ज त्याला लिहिता येतो, कर्तरी वाक्याचे कर्मणी करता येते, गाळलेल्या जागी योग्य शब्दयोगी अव्यय भरता येते. मात्र मुलाखतीत समोरच्या व्यक्तीने 'हाउ डिड यू कम हिअर टुडे?' एवढेच विचारले की तो खाली पाहू लागतो. प्रश्न त्याला कळलेला असतो. बसने आलो, हे उत्तरही त्याच्याजवळ असते. त्या दोहोंमधील तीन-चार सेकंदांत काय घडते, हा भाषा-अध्यापनातील महत्त्वाचा प्रश्न आहे. या तीन-चार सेकंदांपायी नोकरी हातची जाते, हे अध्यापकांना ठाऊकच आहे.

यावर उपाय म्हणून अनेक महाविद्यालये 'स्पोकन इंग्लिश'चा वर्ग सुरू करतात. तेथे पुन्हा पुस्तक, पुन्हा फळा आणि पुन्हा नियम येतात. याहून वेगळा आणि जवळजवळ बिनखर्चाचा उपक्रम म्हणजे अनौपचारिक संभाषण-गट. सहा ते आठ विद्यार्थी, आठवड्यातून एक तास, अभ्यासक्रम नाही आणि परीक्षा नाही, असे त्याचे स्वरूप असते. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रशिक्षित व अनुभवी अध्यापकालाच ते अधिक जड जाते, कारण वर्गात ज्या सवयींमुळे तो चांगला शिक्षक ठरतो, त्याच सवयी गटातील बोलणे बंद पाडतात.

वर्गातील संवाद व खरा संवाद

रस्त्यात कोणी वेळ विचारली आणि आपण 'साडेचार' असे सांगितले, तर समोरचा माणूस आभार मानून पुढे जातो. 'शाबास, बरोबर!' असे तो म्हणत नाही. वर्गात मात्र शिक्षक वेळ विचारतात तेव्हा स्वतःचे घड्याळ पाहूनच विचारतात आणि उत्तर आल्यावर 'बरोबर' म्हणतात. हे उदाहरण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये वापरले. त्याआधी १९७५ मध्ये इंग्लंडमधील सिंक्लेअर व कुल्थर्ड यांनी वर्गातील संवादाची रचना मांडली होती : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि शिक्षकाचा शेरा. यातील तिसरी पायरी ही वर्गाची खूण होय. ती जेथे येते तेथे परीक्षा सुरू झाली, हे विद्यार्थी लगेच ओळखतो. मग खुर्च्या गोलाकार मांडल्या असोत वा चहा दिलेला असो.

संभाषण-गटाच्या संचालकाने सर्वप्रथम ही तिसरी पायरी सोडावी. 'गुड', 'करेक्ट', 'व्हेरी नाइस' हे शब्द निरुपद्रवी वाटतात, तथापि त्यांच्यामुळे बोलणारा प्रत्येक वाक्यानंतर संचालकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. बाकीचे विद्यार्थी एकमेकांशी न बोलता संचालकाशीच बोलतात. तासभर गट चालला, सर्वांनी दोन-दोन वाक्ये म्हटली, पण संभाषण असे झालेच नाही, असा प्रकार अनेक ठिकाणी घडतो. शेऱ्याच्या जागी खरी प्रतिक्रिया द्यावी. विद्यार्थिनीने सांगितले की तिचे आजोबा अजून रोज पहाटे म्हशीचे दूध काढतात, तर 'गुड' म्हणण्यापेक्षा म्हशी किती आहेत आणि दूध कोण विकत घेते, असे विचारावे. ज्याचे उत्तर आपल्याला माहीत नाही, तोच प्रश्न संभाषणात खरा.

विद्यार्थ्यांना पुरेसे इंग्रजी ऐकविले की बोलणे आपोआप येईल, असाही एक समज आहे. कॅनडातील मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये या समजाला धक्का दिला. तेथे इंग्रजी भाषक मुलांना शालेय विषय फ्रेंच माध्यमातून शिकविण्यात येत होते. अनेक वर्षांनंतर त्या मुलांचे आकलन उत्तम झाले होते, बोलणे व लेखन मात्र मागे राहिले होते. स्वतः वाक्य जुळवताना जी अडचण येते, ती ऐकताना येत नाही. आणि त्या अडचणीतूनच भाषेची पुढची शिकवण होते, असे स्वेन यांचे प्रतिपादन होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर ऐकणेही पुरेसे झालेले नसते. त्यामुळे गटाच्या साठ मिनिटांपैकी संचालकाने स्वतः किती मिनिटे घेतली, हे अधूनमधून घड्याळ लावून पाहावे. येणारा आकडा बहुतेकांना लाजविणारा असतो.

येथील गट व परदेशातील गट

संभाषण-गटाविषयीचे बरेचसे साहित्य अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांतून येते. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत व कम्युनिटी कॉलेजांत स्थलांतरितांसाठी असे गट चालतात. त्या गटात एक सोमाली, एक चिनी, एक सिरियन अशी माणसे असतात. इंग्रजी सोडल्यास त्यांना एकमेकांशी बोलण्याचा अन्य मार्गच नसतो. बेळगावच्या महाविद्यालयातील गटात मराठी, कन्नड आणि दखनी बोलणारे विद्यार्थी एकत्र बसतात, पण त्यांपैकी बहुतेकांना एकमेकांच्या भाषा कळतात आणि काही नाही तर हिंदी असतेच. हैदराबाद वा गोव्यातही थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. म्हणजे इंग्रजीची गरज येथे स्वाभाविक नाही, ती निर्माण करावी लागते. परकीय मार्गदर्शिका ही गोष्ट गृहीत धरत नाहीत.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आपल्याकडे मित्रामित्रांत इंग्रजी बोलणाऱ्याला 'इंग्रजी फाडतो' असे म्हणतात. चुकले तर हसे होते आणि चुकले नाही तर शिष्ट ठरतो. खेड्यातून आलेला मुलगा किंवा घरातील पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी गप्प राहते, त्यामागे शब्दसंग्रहाची उणीव असतेच असे नाही. आपल्या माणसांपासून तुटल्यासारखे दिसू नये, ही भीतीही असते. ही भीती व्याकरणाच्या पुस्तकाने जात नाही. ज्या खोलीत सर्वच जण अडखळतात आणि कोणीही हसत नाही, अशा खोलीत ती हळूहळू ओसरते. म्हणून पहिल्याच दिवशी 'हसायचे नाही' हा एकच नियम सांगावा आणि तो संचालकाने स्वतःही पाळावा. स्टाफरूममध्ये जाऊन विद्यार्थ्याच्या वाक्याची नक्कल करणे हेही त्यातच येते.

गरज निर्माण करण्याचा जुना व खात्रीचा मार्ग भारतातच विकसित झाला आहे. एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जाणारा प्रयोग झाला. व्याकरणाचे पाठ न देता विद्यार्थ्यांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रके यांवर आधारित कामे देण्यात येत. काम पूर्ण करण्याकडे लक्ष गुंतले की भाषा त्या ओघात वापरली जाते, हे त्यामागील सूत्र होते. प्रभू यांनी त्याचे विवेचन १९८७ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. संभाषण-गटात हे सहज करता येते. एका विद्यार्थ्याजवळ बेळगाव ते मिरज गाड्यांच्या वेळा असाव्यात, दुसऱ्याजवळ मिरज ते पुणे. एकमेकांचा कागद न पाहता, पुण्याला सकाळी दहाच्या आत पोहोचण्यासाठी कोणती गाडी धरावी, हे दोघांनी ठरवावे. येथे एकाजवळची माहिती दुसऱ्याला खरोखरच हवी असते, त्यामुळे इंग्रजी 'फाडल्या'सारखे वाटत नाही.

विषय

'भ्रष्टाचार', 'लोकसंख्यावाढ', 'मोबाइल : शाप की वरदान' हे विषय गटात आणू नयेत. ते शाळेतील निबंधाचे विषय आहेत आणि त्यांवर प्रत्येकाजवळ पाठ केलेली दहा वाक्ये तयार असतात. ती म्हणून झाल्यावर विषय संपतो. ज्या विषयात विद्यार्थ्याला संचालकापेक्षा अधिक माहिती आहे, तो विषय चांगला. घरात सर्वांत उशिरा कोण झोपते व का. बाजारात भाव कमी करून घेण्यात घरातील कोणाचा हात धरता येत नाही. गल्लीतील नळाला पाणी किती वाजता येते, या प्रश्नांना पाठ केलेले उत्तर नसते.

शिरखुर्मा कसा करतात, हा विषय तर अर्धा तास पुरतो. शेवया तुपात परताव्यात की नाही, दूध किती आटवावे, यावर प्रत्येक घराचे मत निराळे असते. वाद झाला की वाक्ये लांबतात. मधेच 'खारीक' येते आणि कोणालाच शब्द आठवत नाही. संचालकाला तो माहीत असला तरी लगेच सांगू नये. खजूर वाळून कडक होतो, लग्नात वाटतात, दुधात भिजवून खातात, असे वळण घेत मुली खारकेपर्यंत पोहोचतात. शब्द अडला तर वळसा घालून अर्थ पोहोचविणे ही उणीव नसून भाषिक क्षमतेचाच एक भाग आहे, असे कनाल व स्वेन यांनी १९८० मध्ये मांडले. परीक्षेत या क्षमतेला गुण नाहीत. मुलाखतीत व परगावी मात्र तीच उपयोगी पडते.

येथे 'फक्त इंग्रजीच' या नियमाविषयी सांगणे आवश्यक आहे. मातृभाषेतील शब्दाला दंड आकारण्याची पद्धत काही शाळांत असते. गटात तिचा परिणाम एकच होतो : ज्याला शब्द अडतो तो मधेच थांबतो आणि पुढच्या वेळी बोलतच नाही. एखादा मराठी, उर्दू वा कन्नड शब्द वाक्यात येऊ द्यावा, वाक्य पूर्ण होऊ द्यावे आणि मग त्याला इंग्रजीत काय म्हणता येईल, हे गटालाच विचारावे. पूर्ण वाक्यच मराठीत येऊ लागले तर मात्र आधी दोघादोघांच्या जोडीत बोलायला सांगावे. मोठ्या गटात ज्याचे तोंड उघडत नाही, त्याचे जोडीत उघडते.

चुका

सर्वांत अधिक मतभेद होतात ते चुका दुरुस्त करण्याच्या प्रश्नावर. चूक तशीच जाऊ दिली तर ती पक्की होईल, ही अध्यापकांची काळजी रास्त आहे. परंतु वाक्याच्या मध्यावर केलेली दुरुस्ती सहसा लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो अडवले गेल्याचा अनुभव. 'यस्टर्डे आय गो टू मिरज' असे कोणी म्हणाले तर 'ओह, यू वेन्ट टू मिरज? बाय ट्रेन?' असे विचारून योग्य रूप कानावर घालता येते. याने संभाषण तुटत नाही. तथापि या युक्तीवर फार भिस्त ठेवू नये. लायस्टर व रान्ता यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक याच प्रकारच्या होत्या, पण त्यांपैकी एक-तृतीयांशापेक्षाही कमी प्रसंगी मुलांनी दुरुस्तीची काही दखल घेतल्याचे दिसले. उरलेल्या वेळी शिक्षक आपल्या म्हणण्याला दुजोरा देत आहेत, असेच मुलांना वाटत असावे.

म्हणून संचालकाने जवळ एक कागद ठेवावा आणि ऐकलेली वाक्ये, कोणाची हे न लिहिता, टिपावीत. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांपैकी फक्त दोन घ्यावीत. कोणती घ्यावीत, हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्यांच्या भाषांचे ज्ञान उपयोगी पडते आणि या बाबतीत येथील अध्यापक कोणत्याही परदेशी तज्ज्ञापेक्षा सरस आहे. मराठीत 'मला दोन भाऊ आहेत', उर्दूत 'मेरे दो भाई हैं'. इंग्रजीतील 'हॅव' सारखे क्रियापद दोन्हींत नाही. म्हणून 'हॅव' हाताळताना 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असे होते. उर्दू वा दखनी बोलणारा 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणतो. 'स्त्री', 'स्नान' म्हणण्याची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला तेथे अडचण येत नाही. कन्नड घरातील विद्यार्थ्याच्या तोंडी 'एग'चे 'येग' होते. हे समजावून सांगितले की चूक हा मठ्ठपणा नसून दुसरी भाषा चांगली येत असल्याची खूण आहे, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते. 'इस्कूल'मुळे कोणाचे काही अडत नाही. ते सोडून द्यावे.

एका चुकीकडे मात्र दुर्लक्ष करू नये, कारण व्याकरणदृष्ट्या ती चूकच नसते. 'जरा पेन देता का?' या मराठी वाक्यातील 'जरा', 'देता' आणि 'का' हे तिन्ही शब्द अदब राखतात. उर्दूत 'आप' आणि 'दीजिए' हे काम करतात. विद्यार्थी इंग्रजीत येताना हे सगळे मागे ठेवून येतो आणि 'गिव्ह मी यूअर पेन' म्हणतो. वाक्य शुद्ध आहे, पण ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. घरी वडीलधाऱ्यांसमोर आवाज न चढविणारा मुलगा मुलाखत घेणाऱ्याला उद्धट वाटावा, हा त्याच्यावर अन्याय होय. 'कुड आय', 'वुड यू माइंड' यांसारख्या रचना नियम म्हणून न शिकविता, आपल्या 'जरा' ला इंग्रजीत कोठे जागा मिळते, अशा चर्चेतून आणल्या तर त्या टिकतात.

गप्प बसणारे आणि थांबतच नाहीत ते

अमेरिकेतील मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून १९७४ मध्ये निष्कर्ष मांडला की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. थांबण्याचा काळ तीन सेकंद वा अधिक केला तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. ते संशोधन स्वभाषेतील वर्गांबाबतचे होते. परभाषेत वाक्य जुळविणाऱ्याला याहून अधिक वेळ लागणार, हे उघड आहे. शांतता असह्य होऊन संचालक स्वतःच उत्तर देतो किंवा दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळतो. त्याने मनातल्या मनात सातपर्यंत मोजावे.

समजा, एक विद्यार्थिनी चार आठवडे येते, ऐकते, हसते आणि काहीच बोलत नाही. तिला नाव घेऊन उठविले तर पाचव्या आठवड्यात ती येणार नाही. तिच्या उपस्थितीचा अर्थ तिला यावेसे वाटते असा आहे, एवढे पुरेसे मानावे. तिला वेळापत्रकाचा कागद द्यावा, म्हणजे इतरांना तिलाच विचारावे लागेल. मिश्र गटात मुली कमी बोलतात असे आढळल्यास पहिली पंधरा मिनिटे जोड्या त्यांच्या पसंतीने पाडू द्याव्यात. याउलट एखादा इंग्रजी माध्यमातील विद्यार्थी सर्वांच्या वतीने बोलत राहतो. त्याला गप्प करण्यापेक्षा त्याच्यावर प्रश्न विचारण्याचेच काम सोपवावे : उत्तर द्यायचे नाही, फक्त विचारायचे. हे काम वाटते त्यापेक्षा कठीण आहे, आणि त्यालाही ते शिकण्यासारखे आहे.

संचालक इंग्रजीचाच अध्यापक असला पाहिजे असे नाही. इतिहास वा वाणिज्य शिकविणारे अध्यापक, जे स्वतः इंग्रजी बोलताना क्वचित अडखळतात आणि तसे मान्य करतात, ते पुष्कळदा अधिक यशस्वी ठरतात. त्यांच्यासमोर चुकताना विद्यार्थ्याला संकोच कमी वाटतो. 'मलाही हा शब्द आठवत नाही' असे संचालकाने म्हणण्याने गटाचे जेवढे भले होते, तेवढे बिनचूक उच्चाराने होत नाही.

व्यवस्थेबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. शेवटच्या बसच्या आधी गट संपला पाहिजे. शुक्रवारची दुपार टाळावी. आठाहून अधिक संख्या झाल्यास दोन गट करावेत. हजेरी घेऊ नये. नॅकच्या अहवालासाठी उपक्रमाचे छायाचित्र लागते हे खरे, परंतु ते एकदाच काढावे, कारण कॅमेरा आला की सर्वजण पुन्हा 'मोबाइल : शाप की वरदान' वर बोलू लागतात. प्रगती मोजण्याची मागणी झाली, तर गुणपत्रक न करता दोन गोष्टींची नोंद ठेवावी : संचालकाला उद्देशून नसलेली किती वाक्ये एका तासात आली, आणि किती प्रश्न विद्यार्थ्यांनी आपण होऊन विचारले. पहिल्या महिन्यात दोन्ही आकडे शून्याच्या जवळ असतील. परीक्षा जवळ आली की उपस्थिती घटते, तेव्हा गट बंद न करता जे तिघे-चौघे येतील त्यांच्याबरोबर चालू ठेवावा. सुटीनंतर इतरांना परत घेऊन येणारे बहुधा तेच असतात.